कंपाउंड धनुष्याचा ॲरो रेस्ट कसा निवडावा? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

ऑगस्ट २०२३मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत अदिती स्वामी आणि ओजस देवतळे यांनी कंपाउंडची (टोकांना फिरणारी चाके असलेल्या धनुष्याच्या तिरंदाजीची) दोन्ही वैयक्तिक सुवर्णपदके जिंकली. दोघांचाही सराव साताऱ्याचा. २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धा असणार आहे. रायफल आणि पिस्तुलासाठी ओळखल्या जाणाऱ्या कोल्हापूर जिल्ह्यातूनही आता कंपाउंडविषयी पत्रे येतात. या वेळची बहुतेक पत्रे एकाच छोट्या भागाबद्दल आहेत, तो म्हणजे ॲरो रेस्ट, सुटेपर्यंत बाण ज्यावर टेकतो तो आधार.

प्रश्न (कागल): माझ्याकडे वापरलेला हंटिंग बो (शिकारीचे धनुष्य) आला आहे. एक्सल ते एक्सल (वरच्या चाकाच्या आसापासून खालच्यापर्यंत) ३१ इंच, लिंबवर (धनुष्याच्या वाकणाऱ्या बाहूवर) ७० पाउंड लिहिले आहे. त्यावर गोल ब्रशचा, केसांमधून बाण जाणारा रेस्ट आहे. बाण पडत नाही, पण ५० मीटरवर ग्रुप (बाणांचा पुंजका) वर-खाली फाकतो. जिल्हा स्पर्धेत उतरायचे आहे. रेस्ट बदलू का? कोणता घेऊ?

उत्तर: बदला, पण रेस्ट विकत घेण्याआधी दोन कामे उरका.

पहिले काम वजनाचे. जागतिक नियमांनुसार कंपाउंडचे ड्रॉ वेट (ओढायला लागणारा जोर, यालाच आम्ही वजन म्हणतो) ६० पाउंडांपेक्षा जास्त चालत नाही. ७० पाउंडांच्या लिंबचे बोल्ट सैल करून साधारण १० पाउंड कमी करता येतात. एका पूर्ण फेऱ्याला दोन ते तीन पाउंड उतरतात. वरच्या आणि खालच्या बोल्टला मोजून सारखेच फेरे द्या. कंपनीने सांगितलेल्या फेऱ्यांपलीकडे एकही फेरा जाऊ नका, कारण बोल्टचे पुरेसे आटे रायझरमध्ये (धनुष्याच्या मधल्या कडक भागात) राहिले नाहीत तर लिंब निसटते आणि इजा होते. शेवटी स्प्रिंग काट्यावर ओढून आकडा बघा. लिंबवर छापलेल्या आकड्यावर किंवा फेऱ्यांच्या हिशेबावर विसंबू नका. वजन उतरल्यावर जुने बाण जास्त कडक ठरू शकतात, तेही तपासून घ्या. बाणाचे वजन दर पाउंडाला ५ ग्रेनपेक्षा कमी नको, म्हणजे ६० पाउंडांना ३०० ग्रेन, जवळपास १९.५ ग्रॅम. हे काम रेस्टच्या आधी करायचे, कारण वजन बदलले की दोरीवर वर-खाली होणाऱ्या रेस्टची दोरी आणि वेळ दोन्ही पुन्हा जुळवावी लागतात.

दुसरे काम रंगाचे. हंटिंग बो बहुतेक वेळा झाडापानांच्या कॅमोफ्लाज नक्षीचे असतात आणि जागतिक नियमांत अशा रंगाची साधने चालत नाहीत. तुमचा बो तसा नाही ना, ते आधी बघा. रेस्ट घेताना तोही साध्या काळ्या रंगाचा घ्या.

आता तुमचा ब्रश. त्यात बाण पूर्ण बंदिस्त राहतो, म्हणून शिकणाऱ्याला आणि रानात चालणाऱ्याला तो आवडतो. पण सुटलेल्या बाणाच्या तिन्ही वेन (मागच्या पिसांसारख्या पट्ट्या) केसांना घासूनच बाहेर पडतात. नव्या ब्रशमध्ये हे घासणे दर वेळी जवळपास सारखे असते. पुढे खालचे केस दबतात, बाण हळूहळू खाली बसू लागतो आणि घासणेही एकसारखे राहत नाही. ५० मीटरवर ८० सेंटिमीटरच्या फेसवर (निशाणाच्या कागदावर) १० गुणांचे वर्तुळ ८ सेंटिमीटरचे असते. तिथे बाणाच्या बैठकीतला एक मिलिमीटरही लपत नाही. तुमचा ग्रुप वर-खाली फाकतो याचे पहिले संशयित हेच. खात्री करायची तर बाण बसवून रायझरच्या खालच्या कट्ट्यापासून त्याची उंची व्हर्नियरने मोजा, बाण हळूच खाली दाबून सोडा आणि पुन्हा मोजा. दोन मापे जुळली नाहीत तर केस थकलेले आहेत.

बाजारात रेस्टच्या तीन जाती आहेत. ब्रशसारखे बंदिस्त, बाण सुटला की खाली पडणारे ड्रॉप-अवे, आणि स्प्रिंग स्टीलच्या पात्याचे ब्लेड. आमची निवड एकाच कसोटीवर ठरते. बाण स्ट्रिंगवरून सुटून जाताना वेनचा कशालाही स्पर्श होता कामा नये, आणि पुढच्या प्रत्येक बाणाला रेस्ट त्याच जागी असला पाहिजे. या दोन गोष्टी ज्यात सर्वात कमी भागांनी साधतात तो रेस्ट तुमचा. नाव आणि किंमत यांचा विचार त्यानंतर.

तुमच्या ३१ इंचांच्या धनुष्याला आम्ही लिंबवर चालणारा (दोरी लिंबला बांधलेला) ड्रॉप-अवे सुचवतो. आखूड धनुष्य हातात थोडे पिळले तरी जास्त फिरते. उघड्या ब्लेडवरून अशा वेळी बाण घसरतो. ड्रॉप-अवेच्या लाँचरला (बाण टेकतो त्या हलत्या भागाला) दोन्ही बाजूंनी कान असतात, शिवाय भोवती पिंजरा असतो, त्यामुळे ओढताना बाण सुटून पडत नाही. पुढे ३६ ते ४० इंचांचा टार्गेट बो घेतलात तर ब्लेडचा विचार करा.

खरेदी करताना हे बघा. धनुष्याच्या रायझरला रेस्टसाठी ५/१६ इंचाचे, २४ आट्यांचे छिद्र आहे का? बहुतेक जुन्या धनुष्यांना असते. नव्या काहींना त्याशिवाय रायझरच्या मागच्या कडेला खाच असते आणि रेस्ट तिथे पकडीसारखा बसतो. त्या जातीचा रेस्ट तुमच्या जुन्या धनुष्याला बसणारच नाही. उजव्या आणि डाव्या हाताचे रेस्ट वेगळे असतात. वर-खाली आणि आत-बाहेर सरकवायला बारीक आट्याचा स्क्रू असलेलाच घ्या. नुसता बोल्ट सैल करून हाताने सरकवायचा रेस्ट स्वस्त मिळतो, पण अर्धा मिलिमीटर सरकवायला जावे तर तो दोन मिलिमीटर सरकतो. त्यात वाचलेले पैसे सरावाच्या तासांत जातात. रेस्टमध्ये बॅटरीवर चालणारे काहीही नको. आणि बाण टेकण्याची जागा ग्रिपच्या घळीपासून आत, म्हणजे तुमच्या बाजूला, ६ सेंटिमीटरपेक्षा जास्त येता कामा नये. स्पर्धेतले पंच हे मोजू शकतात.

प्रश्न (राधानगरी तालुका): आमचा ऊस रानडुकरं लोळवून टाकतात, गवेही येतात. हंटिंग बो घ्यायचा विचार आहे. रात्री वापरायला कोणता रेस्ट बरा?

उत्तर: या कामासाठी आम्ही रेस्ट सुचवणार नाही. तुमचे नुकसान खरे आहे आणि त्याचा राग समजतो. पण वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२नुसार शिकारीला बंदी आहे आणि शिकारीच्या व्याख्येत नुसता प्रयत्नही येतो. पिकाचे नुकसान करणाऱ्या प्राण्याबाबतही वनविभागाच्या अधिकाऱ्याचा लेखी आदेश लागतो. बाण मारून नंतर कागद करता येत नाही. गव्यासाठी शिक्षा तर आणखी कडक आहे. दुसरी गोष्ट सुरक्षेची. ६० पाउंडांच्या धनुष्याचा चुकलेला बाण २०० मीटरांच्या पुढे जातो आणि उसाच्या फडात पलीकडे पाणी पाजणारा माणूस दिसत नाही. जखमी डुक्कर अंगावर येते ते वेगळेच.

नुकसान झाले की लगेच वनरक्षकाला कळवा, पंचनामा करून घ्या, फोटो काढून ठेवा आणि भरपाईचा अर्ज करा. कुंपण घालायचे तर सौर ऊर्जेवरचे, झटक्यापुरता प्रवाह सोडणारे घाला. घरच्या विजेची तार कधीही सोडू नका, त्याने माणसे मरतात.

शिकार कायदेशीर असलेल्या देशांत बंदिस्त आणि कुलूपबंद (लाँचर वर अडकून राहणारे) ड्रॉप-अवे जास्त का खपतात, याचे उत्तर थोडक्यात असे. तिथला शिकारी तासन्‌तास बाण चढवून, बो तिरका धरून बसतो. त्याला बाण पडू न देणारा आणि आवाज न करणारा रेस्ट लागतो. टार्गेटवर उभे राहून बाण मारणाऱ्याची गरज याच्या उलट असते. म्हणून ‘हंटिंगसाठी उत्तम’ असे डब्यावर लिहिले असले तरी ५० मीटरच्या स्पर्धेसाठी त्यावरून काही ठरत नाही.

प्रश्न (इचलकरंजी): माझी मुलगी १४ वर्षांची आहे, डावखुरी आहे, ४० पाउंड ओढते. केबलवर चालणारा ड्रॉप-अवे दुकानातून बांधूनच आला. कधी लाँचर पूर्ण वर येत नाही, कधी बाण सुटला की ‘खट’ असा आवाज येतो. दोरी किती घट्ट असावी? घरी नीट करता येईल का?

उत्तर: येईल. ड्रॉप-अवेच्या दहापैकी नऊ तक्रारी दोरीच्या असतात, रेस्टच्या नाही. दुकानात बांधलेली दोरी दुसऱ्याच माणसाच्या अंदाजाने बांधलेली असते. तिला तुमच्या मुलीची ड्रॉ लेंथ (पूर्ण ओढीची लांबी) ठाऊक नसते.

आधी रेस्ट खरोखर डाव्या हाताचा आहे ना, ते बघा. काही रेस्ट उलटे करून दोन्हीकडे लावता येतात, बहुतेक येत नाहीत. मग दोरीचा मार्ग पाहा. धनुष्य ओढताना एक केबल (दोन्ही टोकांच्या चाकांना जोडणारी दोरी) खाली सरकते. रेस्टची दोरी त्याच केबलला बांधलेली असते. केबल खाली गेली की दोरी ताणली जाते आणि लाँचर वर उचलला जातो. बाण सुटला की केबल परत वर येते, दोरी सैल पडते आणि रेस्टमधली स्प्रिंग लाँचरला खाली पाडते. म्हणजे सगळा खेळ वेळेचा आहे. लाँचर ओढीच्या शेवटच्या २५ ते ४० मिलिमीटरमध्ये पूर्ण वर आला पाहिजे. याच्या खूप आधी आला तर बाण सुटल्यावर तो उशिरा पडतो आणि वेन त्याला आपटते. शिवाय फुल ड्रॉवर दोरी केबलला ओढून धरते, केबल वाकते आणि दोन्ही कॅमचा (टोकांच्या चाकांचा) मेळ बिघडतो. खूप उशिरा आला तर बाण नीट बसलेला नसताना सुटतो. लाँचर लगेच पडतो, बाणाला सुरुवातीचा आधार मिळत नाही आणि ग्रुप उभा पसरतो. मुलीने एखाद दिवशी शेवटचा अर्धा इंच कमी ओढला तर लाँचर वर येतच नाही. तुमची पहिली तक्रार हीच दिसते.

मोजायची सुरक्षित पद्धत अशी. बाणाच्या पुढच्या भागावर एक-एक सेंटिमीटरवर पातळ टेपच्या रेघा लावा. टार्गेटसमोर दोन मीटरवर उभे राहून, बाण चढवूनच, मुलीला हळू ओढायला सांगा. रिकामे धनुष्य कधी ओढायचे नाही. चुकून सुटले तर लिंब, कॅम, स्ट्रिंग सगळे जाते. मोबाइल बाजूला स्टँडवर ठेवून स्लो मोशन घ्या. जवळ उभे राहून बोटाने दाखवायला जाऊ नका. मग व्हिडिओ एक-एक फ्रेम पुढे सरकवा. लाँचरचे वर येणे थांबले तेव्हा कोणती रेघ रायझरसमोर होती आणि फुल ड्रॉवर कोणती आली, यातले अंतर म्हणजे तुमचा आकडा.

आकडा २५ मिमीपेक्षा कमी असेल तर लाँचर उशिरा येतो आहे. केबलवरची चिमट खाली, म्हणजे रेस्टपासून दूर सरकवा. ४० मिमीपेक्षा जास्त असेल तर वर सरकवा. एका वेळी ३ मिमी, त्याहून जास्त नाही, आणि प्रत्येक सरकवणीनंतर पुन्हा व्हिडिओ. आकडा जुळला की चिमटीच्या वर आणि खाली सर्व्हिंगच्या (स्ट्रिंगवर गुंडाळायच्या) दोऱ्याने घट्ट गाठ मारा आणि केबलवर पांढऱ्या मार्करने खूण करा. ती खूण पुढे फार उपयोगी पडते. शंभरेक बाण झाले की बघा, चिमट खुणेपासून हलली का. नवीन दोरी सुरुवातीला थोडी ताणते, म्हणून पहिल्या आठवड्यात एकदा पुन्हा मोजावेच लागते. दोरी डी-लूपच्या (स्ट्रिंगवरच्या, ओढण्याचे साधन अडकवायच्या फासाच्या) चांगल्या प्रतीच्या दोऱ्याची असावी. बाजारातला नायलॉनचा दोरा दमट हवेत वाढतो.

आता ‘खट’. त्याची दोन कारणे असतात आणि दोन्हींचा उपाय वेगळा. लाँचर खाली पडून रायझरच्या कट्ट्यावर आपटत असेल तर तिथे फेल्टची चिकटपट्टी लावा. बाणाला त्याने काही होत नाही, फक्त आवाज जातो. मात्र काही लाँचर आपटून परत उसळतात आणि मागून येणाऱ्या वेनला लागतात. हे डोळ्यांना दिसत नाही. बाणाच्या मागच्या तिसऱ्या भागावर, लाँचरवर आणि केबलवर टाल्कम पावडर शिंपडा आणि एक बाण मारा. कुठल्या वेनने पावडर पुसली, ते स्पष्ट दिसते. लाँचरवर रेघ दिसली तर आधी वेळ जुळवा, मग फेल्ट जाड करा. रेघ केबलवर दिसली तर नॉक (बाणाच्या मागच्या टोकाची खाच) थोडा-थोडा फिरवून वेन केबलपासून दूर करा.

एक महत्त्वाची गोष्ट पालकांनी लक्षात ठेवायची. मुलगी वाढते आहे. ड्रॉ लेंथ अर्धा इंच वाढवली, मॉड्यूल (कॅमवरचा ड्रॉ लेंथ ठरवणारा भाग) बदलले किंवा वजन वाढवले की हे सगळे मोजमाप पहिल्यापासून करावे लागते. स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी मॉड्यूल बदलू नका.

पुढचा रेस्ट घ्याल तेव्हा लिंबवर चालणारा घ्या असे आम्ही म्हणू. त्यात उलट व्यवस्था असते. दोरी लिंबला बांधलेली असते आणि धनुष्य स्थिर असताना ती लाँचरला खाली धरून ठेवते. ओढताना लिंब वाकते, दोरी सैल होते आणि स्प्रिंग लाँचरला वर उचलते. लाँचर ओढीच्या पूर्वार्धातच वर येतो आणि बाण सुटल्यावर बराच वेळ त्याला आधार देतो. केबलवर ओढ पडत नाही, त्यामुळे कॅमचा मेळ शाबूत राहतो. ड्रॉ लेंथमधल्या लहान फरकाला तो फारसा जुमानत नाही. आणि दोरी तुटली तर लाँचर वरच राहतो. वेनला स्पर्श होईल, गुण जातील, पण फेरी पूर्ण करता येते. केबलवाल्याची दोरी तुटली तर लाँचर खालीच राहतो आणि एकही बाण मारता येत नाही.

प्रश्न (कोल्हापूर शहर, रंकाळा परिसर): टार्गेट बो घेतला आहे. सर ब्लेड रेस्ट लावा म्हणतात. पाती ०.००८, ०.०१० आणि ०.०१२ इंचांची मिळतात. कोणती घेऊ? बाण पात्यावरून सारखा घसरतो, तेही सांगा.

उत्तर: सरांचे ऐका. ५० मीटरच्या टार्गेटसाठी ब्लेडइतका साधा रेस्ट नाही. त्यात हलणारा एकही भाग नाही, दोरी नाही, वेळ जुळवणे नाही.

जाडीतला फरक आकड्यात किरकोळ वाटतो, तो तसा नाही. पात्याचा कडकपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. ०.०१० इंचाचे (०.२५ मिमी) पाते घेऊन पुढे ०.०१२चे (०.३० मिमी) लावलेत तर ते सुमारे ७३ टक्के जास्त कडक होते. ०.००८चे (०.२० मिमी) लावलेत तर कडकपणा निम्म्यावर येतो. ५० मीटरच्या बारीक आणि हलक्या कार्बन बाणांना ०.०१०ने सुरुवात करा. इनडोअरला ९.३ मिमीपर्यंतचे जाड बाण आणि जड टोके वापरलीत तर ०.०१२ आणि रुंद पाते घ्या. फार हलका बाण आणि कमी वजनाचे धनुष्य असेल तर ०.००८. पाते गरजेपेक्षा कडक असेल तर बाण सुटताना त्यावरून उसळतो. गरजेपेक्षा मऊ असेल तर ओढतानाच लटपटते आणि निशाणा धरताना बाण वर-खाली होतो.

पात्याचा कोन बाणाशी साधारण ३० ते ३५ अंश ठेवा. कोन जास्त उभा केला की तेच पाते कडक वागते, आडवा केला की मऊ वागते. त्यामुळे जाडी न बदलता कोनाने थोडी दुरुस्ती करता येते. कोन ठरला की रेस्टवर टोकदार सुईने बारीक खूण करा. पाते बदलताना कोन हरवणे ही नेहमीची चूक आहे.

वेनची मांडणी नीट हवी. ब्लेड बाणाच्या बरोबर खाली असते, म्हणून वेगळ्या रंगाची वेन सरळ वर ठेवा. खालच्या दोन वेन पात्याच्या दोन्ही बाजूंनी निघून जातात. जुन्या दोन दातांच्या रेस्टवर ही वेन खाली ठेवत, ती सवय इथे आणू नका.

घसरण्याबद्दल. आधी पाते बाणाच्या मानाने अरुंद आहे का, ते बघा. मग नॉक स्ट्रिंगवर फार घट्ट बसत नाही ना, ते तपासा. घट्ट नॉक ओढताना बाणाला वळवतो. बाण चढवून धनुष्य जमिनीकडे करा आणि स्ट्रिंगला हलकी टिचकी मारा. बाण लटकून राहावा आणि टिचकीने सुटावा, इतकीच पकड पुरे. डी-लूप तिरका बांधला असेल तर रिलीज (स्ट्रिंग ओढून सोडायचे हातातले साधन) बाणाला पिळते, तो रायझरशी सरळ करून घ्या. हे सगळे ठीक असेल तर दोष ओढण्यात आहे. सुरुवातीला झटका देऊन ओढणाऱ्याचा बाण कोणत्याही ब्लेडवर टिकत नाही. चार पाउंड कमी करा, संथ ओढा, आठवड्यात फरक पडेल.

पात्याची कड बोटाने नव्हे, नखाने तपासा. कुठे नख अडकले तर तिथे खाच आहे. अशी खाच कार्बनच्या दांडीवर लांब काळी रेघ ओढते आणि पाते त्याच जागी एक दिवस तुटते. त्याच जाडीची, त्याच कंपनीची दोन पाती किटमध्ये असू द्या.

प्रश्न (गडहिंग्लज): रेस्ट लावून झाला. आता तो नेमका कुठे ठेवायचा? पेपरमधून बाण मारतो, पण कागद दर वेळी फाटतोच. गोल छिद्र कधी पडत नाही.

उत्तर: सुरुवातीची जागा मोजून ठरवा. बाजूने बघितल्यावर बाण रायझरवरच्या रेस्टच्या छिद्राच्या मध्यातून जावा. स्ट्रिंगशी बाणाचा कोन ९० अंश, किंवा नॉक दीड ते तीन मिलिमीटर वर. रायझरच्या आतल्या बाजूपासून बाणाचा मध्य बहुतेक धनुष्यांत २० मिमीच्या आसपास असतो. नेमका आकडा तुमच्या धनुष्याच्या पुस्तिकेत बघा.

कागदाची फाट बाण सरळ जातो का ते दाखवते, गोल छिद्र म्हणजे सरळ. कागद चौकटीत ताणून लावा, त्यापासून १.८ ते २ मीटरवर उभे राहा. कागदाच्या मागे दीड मीटरवर टार्गेट असू द्या, म्हणजे बाण कागदातून पूर्ण बाहेर पडेल. कागद खांद्याच्या उंचीवर हवा. एका फाटीवर निर्णय घेऊ नका, सारखी फाट तीनदा आली तरच ती खरी.

क्रम मोडू नका. आधी कॅमचा मेळ. फुल ड्रॉवर दोन्ही कॅमचे थांबे एकाच क्षणी टेकतात का, हे शेजाऱ्याला बघायला सांगा. हे जुळले नसेल तर रेस्ट कितीही हलवा, उभी फाट जाणार नाही. मग वर इचलकरंजीच्या उत्तरात सांगितलेली पावडरची परीक्षा. वेन कुठे लागत असेल तर कागद खोटे बोलतो. त्यानंतर उभी फाट. नॉकची खूण टोकाच्या वर असेल तर रेस्ट थोडा वर घ्या किंवा नॉकिंग पॉइंट (स्ट्रिंगवर नॉक बसण्याची जागा) खाली घ्या, खाली असेल तर उलट. उभी फाट गेल्यावर आडवी. इथे रेस्ट अर्धा मिलिमीटर एका बाजूला सरकवून तीन बाण मारा. फाट लहान झाली तर तीच दिशा, मोठी झाली तर उलटी. आडवी फाट कोणत्या दिशेला सरते, हे कॅम, बाणाचा कडकपणा आणि ग्रिप यांवर ठरते, म्हणून पाठ केलेल्या नियमापेक्षा हा प्रयोग भरवशाचा.

तुमची फाट ‘दर वेळी’ वेगळ्या दिशेला जात असेल तर रेस्टला हात लावू नका. तो ग्रिपचा दोष आहे. तळहाताचा अंगठ्याखालचा उंचवटाच ग्रिपवर टेकवा, बोटे सैल सोडा. फाट एकाच दिशेला येऊ लागली की मगच स्क्रू फिरवायला घ्या. रेस्ट दोन-तीन मिलिमीटर सरकवूनही आडवी फाट जात नसेल तर बाणाचा कडकपणा चुकीचा आहे.

प्रश्न (शिरोली एमआयडीसी): आमच्या वर्कशॉपमध्ये फीलर गेजची (फट मोजायच्या साधनाची) ०.२५ मिमी पट्टी आहे. ब्लेड रेस्टचे पाते आम्हीच करू शकतो का?

उत्तर: करू शकता, आणि शिरोली-गोकुळ शिरगावच्या कारागिरांना हे अवघड नाही. अट एकच, पट्टीला उष्णता लागू देऊ नका. ग्राइंडरवर पट्टी जास्त तापली की तिची स्प्रिंग जाऊ शकते. पत्रा कात्रीने कापलात तर कड वाकते. वायरकट उत्तम. नंतर ६०० आणि मग १००० नंबरच्या पॉलिश पेपरने कड लांबीच्या दिशेने गोल करा, आडवी घासू नका, आडव्या ओरखड्यावर पाते तुटते. एकाच पट्टीतून चार पाती काढा. मूळ पाते व्हाइसमध्ये पकडून टोकाला ५० ग्रॅम वजन लटकवा, ते किती झुकते, ते हाइट गेजने मोजा. तुमचे पाते त्याच्यापासून ०.१ मिमीच्या आत असेल तर वापरा. लांबी आणि रुंदी मूळ पात्यासारखीच हवी, नाहीतर जाडी जुळूनही कडकपणा जुळत नाही.

प्रश्न (पन्हाळा): पावसाळ्यात रेस्टची काळजी?

उत्तर: सराव झाला की पाते कोरड्या कापडाने पुसून शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब फिरवा आणि वापरण्याआधी तो पुसून टाका. लाँचरवरचे फेल्ट भिजले की फुगते आणि बाणाची उंची बदलते, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये फेल्टऐवजी गुळगुळीत टेप लावा. टेप बदलली की उंची पुन्हा मोजा. ओले धनुष्य पिशवीत बंद करून ठेवू नका. स्क्रूंना निळे थ्रेड-लॉक लावा, लाल लावू नका, ते पुढे सहज सुटत नाही. उन्हाळ्यात धनुष्य गाडीच्या डिकीत सोडू नका. उष्णतेने स्ट्रिंग आणि केबल सैल पडतात, आणि केबल हलली की ड्रॉप-अवेची वेळही हलते.